अंगण, पायवाट आणि पार्किंगसाठी इंटरलॉकिंग पेव्हर ब्लॉक : पुण्यातील घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंगल्याचे अंगण, सोसायटीची मोकळी जागा किंवा फाटकापासून जिन्यापर्यंतची पायवाट करायची म्हटले, की पुण्यात बहुतेक चर्चा ब्लॉकच्या रंगावर आणि आकारावरच होते. खचलेले ब्लॉक उचलून पाहिले तर मात्र दोष ब्लॉकमध्ये क्वचितच असतो. तो खालच्या थरात, कडेला किंवा सांध्यांत सापडतो. म्हणून पुढील उत्तरांत रंगांना फारशी जागा दिलेली नाही.

‘इंटरलॉकिंग’ म्हणजे नेमके काय अडकलेले असते?

ब्लॉक नागमोडी असल्यामुळे ते एकमेकांत अडकतात, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. खरी पकड दोन ब्लॉकमधल्या २ ते ४ मिलिमीटरच्या सांध्यात ठासून भरलेली बारीक वाळू धरते. एका ब्लॉकवर चाक आले, की वाळूच्या घर्षणामुळे तो भार शेजारच्या ब्लॉकांवर पसरतो, त्यामुळे एकटा ब्लॉक खाली दबत नाही, तिरका होत नाही आणि बाजूला सरकतही नाही. सरकणे रोखण्याच्या कामी नागमोडी आकाराची मदत होते, पण साधा आयताकृती ब्लॉकही नीट बसवला तर उत्तम ‘लॉक’ होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये रस्त्यांच्या विटांना पर्याय म्हणून काँक्रीटचे ब्लॉक वापरात आले, तेव्हा ते आयताकृतीच होते. सांधा रिकामा असेल, तर मात्र कितीही देखणा आकार असला तरी ती फक्त ओळीत मांडलेली ठोकळ्यांची रांग असते.

भट्टीच्या साध्या लाल विटा वापरता येतील का?

भिंतीच्या विटा अंगणात वापरू नयेत. बांधकामाच्या साध्या विटेला वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषण्याची मुभा आपल्या मानकांत आहे, तर पेव्हर ब्लॉकसाठी सरासरी मर्यादा ६ टक्के आहे. पाणी प्यायलेली वीट चाकाखाली आणि पायाखाली झिजते, तिचे कोपरे उडतात आणि सावलीत तिच्यावर लगेच शेवाळ धरते. विटेचा रंगच हवा असेल, तर विटेच्या मापाचे, म्हणजे २०० × १०० मिलिमीटरचे लाल काँक्रीट ब्लॉक घ्यावेत, किंवा खास फरसबंदीसाठी कडक भाजलेल्या मातीच्या विटा मिळत असल्यास त्यांचा विचार करावा.

शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा अधिक टिकाऊ नाही का?

जमीन स्थिर असेल, तर दोन्ही वर्षानुवर्षे टिकतात. जमीन हलली, की फरक दिसतो. कोब्याला भेग पडली की ती बुजवता येते, पण लपवता येत नाही, आणि मसाल्यात बसवलेली शहाबादी खालून पोकळ झाली की तडकते. पेव्हर वाळूवर बसवलेले असल्यामुळे जमिनीबरोबर थोडे हलतात आणि खचलेला भाग उचलून त्याच ब्लॉकांनी पुन्हा बसवता येतो. शहरात पाण्याची, ड्रेनेजची, गॅसची नळी किंवा केबल यांपैकी कशासाठी तरी अंगण केव्हा ना केव्हा खणावे लागतेच, त्यामुळे हा गुण लहान समजू नये. झाडण्याची आणि पुसण्याची सोय मात्र शहाबादीवरच अधिक, हे मान्य करावे लागेल. ज्यांना अंगणात पापड-कुरडया वाळवायच्या आहेत, त्यांनी तेवढा एक कोपरा फरशीचा ठेवावा.

किती जाडीचा ब्लॉक घ्यावा?

पेव्हर ब्लॉकसाठी भारतीय मानक आयएस १५६५८ हे आहे. ते २००६ मध्ये आले आणि २०२१ मध्ये सुधारले गेले. २००६ च्या मूळ वर्गवारीनुसार केवळ चालण्याच्या जागेसाठी ५० मिलिमीटर जाडी आणि एम-३० प्रत (‘एम’पुढचा आकडा काँक्रीटची दाबशक्ती दाखवतो), हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटर आणि एम-३५, तर मध्यम वाहतुकीसाठी ८० मिलिमीटर आणि एम-४० अशी शिफारस होती. घरच्या पायवाटेसाठी आणि एका-दोन गाड्यांच्या पार्किंगसाठी ६० मिलिमीटरचा चांगला ब्लॉक पुरतो.

सोसायटीचा हिशेब वेगळा आहे. उन्हाळ्यात ज्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो, तेथे १०,००० लिटरच्या टँकरमधील पाण्याचेच वजन १० टन होते, आणि गाडीचे वजन त्यावर वेगळे. अशा मार्गावर ८० मिलिमीटरपेक्षा कमी जाडी स्वीकारू नये. आगीच्या बंबाचा मार्ग असेल, तर तेथील थरांची जाडी ठेकेदाराच्या अंदाजावर न सोडता स्थापत्य अभियंत्याकडून ठरवून घ्यावी.

रबर मोल्डचा चकचकीत ब्लॉक घ्यावा की मशीनचा खरखरीत?

रबर किंवा प्लास्टिकच्या साच्यात ओले काँक्रीट ओतून केलेला ब्लॉक गुळगुळीत आणि रंगाने उठावदार असतो. मशीनमध्ये कोरडसर काँक्रीट दाबून आणि कंप देऊन काढलेला ब्लॉक दिसायला रुक्ष असतो. बाहेरच्या जागेसाठी दुसरा निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चकचकीत पृष्ठभागावर जुलैच्या पावसात चप्पल सटकते, आणि घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर हा विषय सौंदर्याचा राहत नाही. साच्यातले ब्लॉक मजबूत होऊच शकत नाहीत असे नव्हे, पण घाईने केलेल्या मालात पाणी जास्त घातलेले असते आणि माप ब्लॉकागणिक बदलते. मापात फरक पडला, की सांधे एकसारखे राहत नाहीत.

ब्लॉक चांगला आहे की नाही, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

कारखान्याकडून त्याच खेपेचा दाबशक्तीचा आणि पाणी शोषणाचा चाचणी अहवाल मागावा, तसेच ब्लॉक कोणत्या तारखेला काढले आहेत तेही विचारावे. काँक्रीटची अपेक्षित ताकद २८ दिवसांची धरली जाते. गेल्या आठवड्यात काढलेला ओलसर माल गाडीत भरून आला असेल, तर तो परत पाठवावा.

याशिवाय काही सोप्या कसोट्या आहेत. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले तर टणक, खणखणीत आवाज यावा. एखादा ब्लॉक फोडून पाहावा: रंगाचा थर वरच्यावर पापुद्र्यासारखा असता कामा नये आणि आत पोकळ्या दिसू नयेत. आठ-दहा दिवस कडक उन्हात वाळवलेला ब्लॉक स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून, २४ तास पाण्यात बुडवून, वरचे पाणी टिपून पुन्हा तोलावा. २.७५ किलोचा ब्लॉक २.९० किलोच्या वर गेला तर शंका घ्यावी. प्रयोगशाळेत ब्लॉक भट्टीत वाळवतात, त्यामुळे घरच्या चाचणीत शोषण प्रत्यक्षाहून कमीच दिसते. म्हणजे जो माल घरच्या कसोटीतही नापास होतो, त्याच्याबद्दल चर्चा करण्याचे कारण उरत नाही.

जमीन किती खोल खणावी लागते?

हे जमिनीवर अवलंबून आहे, आणि पुण्यात एका गल्लीतल्या दोन भूखंडांची जमीनही सारखी असेलच असे नाही. टेकडीच्या उतारावर फूटभर खणले की मुरूम किंवा खडक लागतो. नदीकाठी आणि पूर्वीच्या शेतजमिनीवर काळी माती बरीच खोल जाऊ शकते. ही काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट खडी टाकून ब्लॉक बसवले, तर पहिल्या पावसाळ्यात अंगण वर येते आणि मे महिन्यात खाली जाते, पण ते सगळीकडे सारखे वर-खाली होत नाही.

मुरमाच्या जमिनीवर पायवाटेसाठी ६० मिलिमीटर ब्लॉक, ३० मिलिमीटर वाळू आणि १०० ते १५० मिलिमीटर खडीचा थर असे मिळून साडेसात ते साडेनऊ इंच खोली पुरते. गाडी उभी राहणार असेल, तर खडीचा थर २०० ते २५० मिलिमीटरचा धरावा. तेव्हा एकूण खोली फुटाच्या आसपास जाते. काळी माती असल्यास याखेरीज किमान सहा ते नऊ इंच माती काढून तेथे कडक मुरूम भरावा, आणि माती व मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे. कापड नसले, तर ओली माती हळूहळू थरात वर घुसते. काळी माती फार खोल असेल, तर ती पूर्ण काढणे परवडत नाही. तेथे पाणी तिच्यापर्यंत पोचू न देणे, म्हणजे पुरेसा उतार, कडेला गटार आणि पागोळ्यांचे पाणी नळीने बाहेर, हाच मुख्य उपाय होय.

दुसरा शत्रू भराव. जोत्याच्या कडेला, पाण्याच्या टाकीभोवती आणि नळ्यांच्या चरांत बांधकामाचा राडारोडा ढकलून वर माती पसरलेली असते. माझ्या स्वतःच्या अंगणात ड्रेनेजच्या चराची माती नीट ठोकली नव्हती. ठेकेदाराने ‘आपोआप बसेल’ असे आश्वासन दिले होते, आणि माती खरोखरच बसली: पहिल्याच पावसाळ्यात नळीच्या रेषेवर दोन इंच खोल घळ पडली आणि चेंबरचे झाकण बेटासारखे वर राहिले. असा चर पूर्ण मोकळा करून, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून ठोकत पुन्हा भरावा.

खडीचा थर कसा असावा? नुसते डबराचे सोलिंग चालेल का?

नुसते सोलिंग चालत नाही, आणि पुण्यातील अनेक अंगणे खचण्याचे ते एक मोठे कारण आहे. मोठ्या डबरांमध्ये पोकळ्या राहतात. वर अंथरलेली वाळू पावसाच्या पाण्याबरोबर त्या पोकळ्यांत उतरते आणि ब्लॉक तिच्या मागोमाग जातात. जुने सोलिंग आधीपासून असेल, तर पोकळ्यांत मुरूम आणि बारीक खडी भरून, पाणी मारून, रोलर फिरवून ते पूर्ण बुजवून घ्यावे.

नव्या कामात ४०, २० आणि १० मिलिमीटरची खडी व ग्रीट यांचे मिश्रण, म्हणजेच ठेकेदार ज्याला जीएसबी किंवा वेट मिक्स म्हणतात ते, वापरावे. वाघोली परिसरातल्या क्रशरवर आपल्याच बेसॉल्टची अशी खडी मिळते. थर एकदम न टाकता १०० ते १५० मिलिमीटरचे करावेत आणि प्रत्येक थर रोलरने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने, म्हणजे कंप देत दाबणाऱ्या सपाट तळाच्या यंत्राने, दाबावा. हाताच्या धुम्मसाने फक्त कोपरे ठोकावेत. ओलावा मुठीत घेऊन पाहावा: मिश्रणाचा लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी निघू नये. दाबून झालेल्या थरावर बुटाची टाच जोरात मारली तर खळगा पडता कामा नये. अंतिम उतार याच थराला द्यायचा असतो, वाळूला नव्हे.

ब्लॉकखाली कोणती वाळू आणि किती?

काँक्रीटसाठी वापरतात ती धुतलेली क्रश सँड घ्यावी. दाबल्यानंतर तिचा थर २५ ते ४० मिलिमीटर राहावा. क्रशरची डस्ट स्वस्त पडते म्हणून ती सर्रास सुचवली जाते, पण तिच्यातील पिठासारखी धूळ पाणी धरून ठेवते आणि चाकाच्या दाबाने तिचा चिखल होऊन तो सांध्यांतून वर येतो. खालच्या थरातला खड्डा जास्त वाळू टाकून भरून काढणे ही तर हमखास चूक. जेथे वाळू जाड, तेथेच पुढे ब्लॉक बसतो. दोन समान पाइप ठेवून त्यांवरून ॲल्युमिनियमची सरळ पट्टी ओढावी, पाइप काढून त्यांच्या खाचा भराव्यात आणि सपाट केलेल्या वाळूवर कोणीही पाय ठेवू नये. वाळूत सिमेंट मिसळण्याची गरज नाही.

कडेला कर्ब स्टोन खरोखरच लागतात का?

होय. कडा सुटली, की सांधे रुंदावतात, वाळू निघून जाते आणि पकड संपते. मग दोष मधल्या ब्लॉकांना दिला जातो. भिंत किंवा जोते नसेल त्या प्रत्येक बाजूला काँक्रीटचा कर्ब स्टोन किंवा पट्टा करावा, त्याचा पाया खडीच्या थरापर्यंत न्यावा आणि पाठीमागून काँक्रीटचा टेकू द्यावा. बागेच्या मातीत नुसत्या उभ्या रोवलेल्या विटा ही कडा नव्हे. कर्ब आधी बसवून तो पक्का झाल्यावरच ब्लॉक बसवायला घ्यावेत.

उतार किती द्यावा?

५० ला १, म्हणजे दहा फुटांत साधारण अडीच इंच, आणि तो घरापासून दूर. लेव्हल पाइपने तपासावा.

कोणती मांडणी चांगली?

चालण्यासाठी कोणतीही. गाडी वळते किंवा ब्रेक लावते तेथे आयताकृती ब्लॉक हेरिंगबोन पद्धतीने, म्हणजे एकमेकांना काटकोनात अडवत बसवावेत. तेथे लांब सरळ सांधा उरत नाही, म्हणून ओळी सरकत नाहीत. सुरुवात गुण्या लावून काढलेल्या काटकोनातून करावी आणि दर काही ओळींनंतर दोरी तपासावी. कडेचे तुकडे छिन्नीने न तोडता कटरने कापावेत. पूर्ण ब्लॉकच्या एक-तृतीयांशाहून लहान तुकडा लावण्याची वेळ आली, तर शेजारचा ब्लॉकही कापून दोन मध्यम तुकडे करावेत. चेंबरभोवती सिमेंटचे लिंपण करून वेळ मारून नेलेली दिसली, तर ते काम परत करायला सांगावे.

सांधे कधी आणि कसे भरायचे?

ब्लॉक मांडून झाल्यावर प्रथम प्लेट कॉम्पॅक्टर एकदा फिरवावा, म्हणजे खालची वाळू सांध्यांत थोडी वर चढते. यंत्राच्या तळाला रबरी पत्रा असावा, आणि जेथे कड अजून बंद झालेली नाही तिच्या मीटरभर अलीकडे थांबावे. फुटलेले ब्लॉक याच वेळी बदलावेत. त्यानंतर प्लास्टरची बारीक, पूर्ण कोरडी वाळू झाडूने सांध्यांत ढकलायची, यंत्र फिरवायचे, पुन्हा वाळू, पुन्हा यंत्र, असे सांधे काठोकाठ भरेपर्यंत करायचे. ओली वाळू वरच अडकते आणि सांधा भरल्याचा नुसता भास होतो. सिमेंटची घोळ ओतून सांधे बंद करणारे मिस्त्रीही भेटतात. तसे केल्यास लवचिक फरसबंदीचा ठिसूळ कोबा होतो आणि पुढे ब्लॉक न फोडता उचलताही येत नाही.

गच्चीवर पेव्हर बसवावेत का?

शक्यतो नाही. ६० मिलिमीटरच्या ब्लॉकचे वजन चौरस मीटरला १४० किलोच्या आसपास असते, आणि वाळूसह ते २०० किलोच्या आसपास जाते. वापरात असलेल्या गच्चीसाठी मानकात धरलेला चल भार (माणसे, सामान यांचा) चौरस मीटरला सुमारे १५० किलोच आहे. शिवाय गळती कोठे आहे, हे वाळूखाली शोधणे दुरापास्त होते.

पेव्हर लावले की पावसाचे पाणी जमिनीत मुरते, हे खरे आहे का?

सुरुवातीला थोडे मुरते. पुढे सांध्यांत धूळ बसली, की बहुतेक पाणी वरूनच वाहते. पाणी खरोखर मुरवायचे असेल, तर सांध्यांत आणि बिछान्यात वाळूऐवजी ६ मिलिमीटरची स्वच्छ खडी, खाली बारीक माल वगळलेल्या खडीचा जाड थर आणि जादा पाण्यासाठी छिद्रांची नळी अशी वेगळी रचना लागते. पुणे शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबरमध्ये, त्यामुळे ही रचना उपयोगाची आहे. पण काळ्या मातीवर किंवा जोत्याला लागून ती करू नये. अंगणातल्या झाडाभोवती मात्र, मुरूम असो की काळी माती, निदान मीटरभर जागा मोकळी ठेवावी.

साहित्याचा अंदाज आणि दरपत्रक कसे तपासावे?

उदाहरणादाखल २० × १५ फुटांचे, म्हणजे ३०० चौरस फुटांचे अंगण घेऊ. चार इंच दाबलेली खडी म्हणजे १०० घनफूट, अर्थात एक ब्रास. सुटी खडी साधारण पाव पट जास्त, म्हणून सव्वा ब्रास मागवावी. खालची आणि सांध्यांतली मिळून वाळू ४० घनफुटांच्या आसपास लागते. २०० × १०० मिलिमीटरचे ब्लॉक चौरस मीटरला ५० बसतात. या अंगणाला सुमारे १,४०० आणि कापकामासाठी पाच टक्के जादा. आणखी वीस-पंचवीस ब्लॉक त्याच खेपेतले बाजूला ठेवावेत, कारण दोन वर्षांनी तोच रंग मिळत नाही.

दरपत्रकात ‘ब्लॉक लेबरसह, चौरस फुटाला इतके’ अशी एकच ओळ असेल, तर बचत कोठे होणार आहे हे उघड आहे. खोदकाम, मुरूम, खडीची दाबल्यानंतरची जाडी, वाळू, कर्ब आणि यंत्राचे भाडे अशा वेगवेगळ्या ओळी मागाव्यात. खडीची जाडी मोजल्याशिवाय वाळू अंथरू देऊ नये, ही अट लेखी असावी.

काम कोणत्या महिन्यात काढावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सोयीचे. मे अखेरीस सुरू केलेले काम वळवाच्या एका सरीत वाळूसह वाहून जाऊ शकते.

ब्लॉकवर पांढरे डाग आले आहेत. माल खराब आहे का?

बहुधा नाही. सिमेंटमधील चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेशी संयोग होऊन पांढरा खार धरतो. एक-दोन पावसाळ्यांत तो फिका पडतो. ॲसिडने धुण्याची घाई केली, तर रंगाचा थरही जातो.

सांध्यांत गवत आणि मुंग्या येतात, खाली प्लास्टिक अंथरावे का?

प्लास्टिक अंथरू नये. पाणी अडते आणि वाळूचा चिखल होतो. गवताचे बी बहुतेक वेळा वाऱ्याने वरूनच येऊन सांध्यांतल्या धुळीत रुजते. नियमित झाडणे आणि सांधे भरलेले ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे. शेवाळ खराट्याने किंवा ब्रशने घासावे. दाबाच्या पाण्याचा फवारा सरळ सांध्यांत मारला, तर वाळू उडून जाते.

ब्लॉक खचले आहेत. सगळे अंगण काढावे लागेल का?

खचलेल्या जागेच्या भोवतीच्या दोन-तीन ओळींपर्यंतचेच काढावे लागते. पहिला ब्लॉक दोन स्क्रूड्रायव्हरनी हलवत उचलावा. बाकीचे सहज निघतात. मांडणीचा फोटो आधी काढून ठेवावा. नुसती वाळू टाकून पातळी साधली, तर पुढच्या पावसाळ्यात तोच खड्डा परत येतो, म्हणून वाळू बाजूला करून खडी तपासावी. ती सैल किंवा ओली असेल, तर जवळून जाणारी नळी गळते आहे का ते आधी पाहावे. नंतर खडी भरून ठोकावी, नवी वाळू अंथरावी, ब्लॉक शेजाऱ्यांपेक्षा तीन-चार मिलिमीटर वर राहतील असे बसवावेत आणि यंत्राने पातळीत आणावेत. सांध्यांत कोरडी वाळू लगेच भरावी, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ती खाली गेली असल्यास आणखी एकदा.